जग कोणी घडविले? आचार्य जिनसेनांचा प्रश्न आणि आपण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इस्लापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या वाटचालीचा गौरव व्हावा, ही रीतच आहे आणि ते कार्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. मला विश्वस्तांनी विषय दिला तो 'विश्वाची उत्पत्ती' हा. मी त्यांना म्हणालो, "जैनांच्या सभेत हा विषय एका वाक्यात संपतो. विश्व अनादि-अनंत आहे, त्याला उत्पत्ती नाही. एवढे सांगून मी खाली बसू काय?" ते हसले आणि म्हणाले, "बसा. पण त्याआधी पाठशाळेतील एका मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्या."

प्रश्न असा होता. शाळेत शिकवतात की, विश्व सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून विस्तारू लागले. पाठशाळेत शिकवतात की, विश्व कधी निर्माण झालेच नाही. मग खरे कोणते मानायचे? त्या मुलाला कोणीतरी सांगितले म्हणे की, शाळेत शाळेचे लिही आणि पाठशाळेत पाठशाळेचे लिही. बंधूंनो, व्यवहारात हा सल्ला सोयीचा असेल; परंतु ज्या धर्मात सम्यक् ज्ञानाला रत्नत्रयात स्थान आहे, त्या धर्मातील मुलाला आपण दोन वह्या ठेवायला शिकवावे, हे माझ्या मनाला पटले नाही. म्हणून आज हा विषय थोडा विस्ताराने मांडतो.

मनुष्य विचार करू लागला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या मागे आहे. बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटांवर कोरून ठेवलेली कथा अशी की, आरंभी गोड्या आणि खाऱ्या पाण्याखेरीज काही नव्हते. मार्दुक देवाने तियामत या आदिमातेचा वध केला आणि तिच्या देहाच्या दोन भागांतून आकाश व पृथ्वी घडवली. चीनमधील कथेत पांगू नावाचा महापुरुष एका अंड्यातून बाहेर येतो. आपल्या देशात ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तर एकाच ठिकाणी तीन वेगवेगळे सूर ऐकू येतात. एका सूक्तात हिरण्यगर्भ आहे, एकात विराट पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी होते, आणि नासदीय सूक्तात ऋषी इतका प्रामाणिक आहे की, हे सारे कोठून आले हे कोणाला ठाऊक असेल काय, अशी शंका घेऊन तो थांबतो. ज्याने ती शंका नोंदवली आणि ज्यांनी ती जपून ठेवली, त्या दोघांविषयीही मला आदर वाटतो.

दूरच्या कथा कशाला, आपल्या शेजारीच पाहा. किनवट आणि आदिलाबादच्या डोंगरांत राहणारे आपले गोंड बांधव पहांदी पारी कुपार लिंगोची कथा गातात. त्यांचे पूर्वज गुहेत कोंडलेले होते, लिंगोने जंगुबाईच्या साहाय्याने त्यांना मुक्त केले आणि कुळे, देव व चालीरीती ठरवून दिल्या. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा त्या कथेशी जोडली जाते आणि माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरचा समाज जमतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत लिहून घेतले आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली ते छापले गेले. एक गोष्ट ध्यानात घ्या. या कथेचा कल आकाश कोणी केले याकडे नाही. 'आपण कोण, आपल्यात नाती कशी ठरली' याकडे आहे. पुष्कळशा उत्पत्तिकथांचे खरे काम हेच असते. बाजारच्या दिवशी जे बांधव आपल्या दुकानाच्या पायरीवर येतात, त्यांच्याकडे एवढी मोठी परंपरा आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, असा प्रश्न मला पडतो. असो.

आता आपल्या परंपरेकडे वळू. आदिपुराणात एक प्रसंग आहे. भोगभूमीचा काळ संपत आलेला असतो. ज्योतिरंग नावाच्या कल्पवृक्षांचा प्रकाश इतका प्रखर असे की, त्यापुढे आकाशातील काहीच दिसत नसे. तो प्रकाश मंदावू लागतो आणि एका सायंकाळी लोकांना आकाशात दोन तेजस्वी गोल दिसतात. एक मावळणारा, एक उगवणारा. लोक भयभीत होऊन पहिले कुलकर प्रतिश्रुती यांच्याकडे धावतात. प्रतिश्रुती त्यांना समजावतात की, हे सूर्य आणि चंद्र आहेत, ते नवे नाहीत, ते नेहमीच तेथे होते. तुम्हाला आज दिसले एवढेच. पुढे तारे दिसू लागतात तेव्हा दुसरे कुलकर सन्मती तसाच धीर देतात.

इतरांच्या कथेत जेथे 'सूर्य निर्माण झाला' असे वाक्य येते, तेथे आपल्या कथेत 'सूर्य दिसला' असे येते. आरंभ वस्तूचा नसतो, आपल्या जाणिवेचा असतो. सबंध जैन विश्वविचार या एका प्रसंगात आला आहे, असे मला वाटते.

हे आदिपुराण लिहिणारे आचार्य जिनसेन आपल्याला परके नाहीत. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात ते होऊन गेले. अमोघवर्ष त्यांना गुरू मानत असे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे विद्वान मानतात. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते गाव आणि आपला नांदेड जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. वेरूळची जैन लेणी त्याच राष्ट्रकूट युगातील. जिनसेनांनी आपले गुरू वीरसेन यांची अपुरी राहिलेली जयधवला टीका शके 759 मध्ये, म्हणजे इसवी सन 837 मध्ये पूर्ण केली. महापुराण मात्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही; बेचाळीस पर्वे आणि पुढच्या पर्वाचे तीन श्लोक लिहून त्यांचा देह पडला आणि शिष्य गुणभद्र यांनी ते काम शेवटास नेले. गुरूचे अपुरे काम शिष्याने पुरे करायचे आणि त्या शिष्याचे अपुरे काम त्याच्या शिष्याने, असा हा वारसा आहे.

त्या आदिपुराणाच्या चौथ्या पर्वात जिनसेनांनी 'जग कोणीतरी घडविले' या मताचे खंडन केले आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी 1980 साली 'कॉसमॉस' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी त्यात या खंडनाचा उतारा दिला. सेगन यांना जे सापडले ते आपल्या घरच्या कपाटात किती वर्षे पडून होते, हे मी सांगत बसत नाही. जिनसेनांचा युक्तिवाद माझ्या शब्दांत सांगतो.

जग निर्माण होण्यापूर्वी निर्माता कोठे होता? त्याला राहावयास जागा लागत नव्हती म्हणाल, तर आता तो कोठे आहे? घर बांधावयाचे तर माती लागते. जगाची माती त्याने कोठून आणली? ती आधी निर्माण केली म्हणाल, तर तिच्यासाठी आणखी काही आधी लागेल आणि हा शोध कधीच संपणार नाही. माती आपोआपच होती म्हणाल, तर मग जगही आपोआप का असू नये? निर्मात्याला कोणी निर्माण केले नाही, हे जर आपण सहज मान्य करतो, तर जगाला कोणी निर्माण केले नाही हे मान्य करण्यात अडचण कोणती? केवळ इच्छेने केले म्हणाल, तर साधनांशिवाय नुसत्या इच्छेने काही घडते, यावर विश्वास कोण ठेवील? त्यापुढचा प्रश्न तर अधिक सूक्ष्म आहे. जो परिपूर्ण आहे त्याला जग निर्माण करण्याची इच्छाच का व्हावी? आणि जो अपूर्ण आहे त्याला एवढे सामर्थ्य कोठून यावे? लीला म्हणून केले म्हणाल, तर तो मुलांचा खेळ झाला. जीवांच्या कर्मानुसार केले म्हणाल, तर तो कर्माच्या अधीन झाला; मग विणकराप्रमाणे हाताशी आलेले सूत विणणारा तो कारागीर ठरला, ईश्वर कसला?

आणि शेवटी तो प्रश्न, ज्यासाठी मी हा सारा पसारा मांडला. त्याने दयेपोटी जग निर्माण केले म्हणाल, तर त्याने सर्वांना सुखी का केले नाही?

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर-धाराशिव भागातील सुमारे दहा हजार माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. पुढे त्या भागातील एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलण्याचा योग आला. ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, सायंकाळी त्याचीच मिरवणूक काढली होती हो." मी काही बोलू शकलो नाही. आजही माझ्यापाशी शब्द नाहीत.

जिनसेनांचा प्रश्न हा पंडितांच्या वादाचा विषय नाही, हे मला त्या दिवशी कळले. ज्याने जग घडविले तोच हे घडवील, तर त्याच्यावर रागवावे लागते, नाहीतर आपल्याच हातून काय चुकले हे शोधत जन्मभर कुढावे लागते. आपल्या आचार्यांनी या दोन्हींतून माणसाला सोडविले. भूमी ही पुद्गल आहे, पुद्गल आपल्या नियमाने परिणमन पावते. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे, त्यामुळे खडकांत ताण साठतो आणि कोठेतरी तो मोकळा होतो, असे भूगर्भशास्त्र सांगते. त्यात कोणाचा कोप नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. निर्माता नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि लगेच म्हणतो, 'त्यांचे कर्म!' किल्लारीच्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या सहा महिन्यांच्या बाळाविषयी हे वाक्य बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या आचरणाकडे पाहण्याचा आरसा आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचे न्यायासन नव्हे. कर्त्या ईश्वराच्या रिकाम्या आसनावर आपण कर्माला बसविले आणि त्याच्याकडूनही तीच शिक्षा वाटण्याची कामे करून घेतली, तर जिनसेनांचे खंडन आपल्यावरच उलटेल.

आता विज्ञानाकडे वळतो. 1929 साली एडविन हबल यांनी दाखविले की, दीर्घिका जितक्या दूर तितक्या वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत. त्याआधीच बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे गणित मांडले होते. पुढे त्यांनी सारे विश्व एका आदिम अणूतून आले अशी कल्पना सांगितली. याला विरोध करणाऱ्यांत इंग्लंडचे फ्रेड हॉईल अग्रभागी होते. 1948 साली त्यांनी, बाँडी यांनी आणि गोल्ड यांनी स्थिर-स्थितीचा सिद्धांत मांडला: विश्वाला आरंभ नाही, अंत नाही, ते सदैव असेच आहे. 'बिग बँग' हे नावदेखील हॉईल यांनीच आकाशवाणीवरील भाषणात दिले.

या हॉईल यांचे शिष्य आणि सहकारी म्हणजे आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. 1964 साली हॉईल-नारळीकर हा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगापुढे आला, तेव्हा नारळीकर सव्वीस वर्षांचे होते. पुढे पुण्यात त्यांनी 'आयुका' ही संस्था उभी केली, आणि मराठी घराघरांत 'आकाशाशी जडले नाते' पोहोचविले. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अनादि विश्वाचा पक्ष एक मराठी शास्त्रज्ञ मांडतो आहे, याचा आपल्या समाजाला स्वाभाविकच आनंद झाला. 'विज्ञानाने जैन सिद्धांत सिद्ध केला' अशी वाक्ये मी अनेक व्याख्यानांत ऐकली. तरुणपणी एकदोनदा स्वतःही बोललो आहे. परंतु दोन गोष्टी आम्ही पाहिल्याच नाहीत. पहिली अशी की, स्थिर-स्थितीच्या सिद्धांतात विश्व प्रसरण पावूनही तसेच दिसावे यासाठी नवे द्रव्य सतत निर्माण व्हावे लागते. आणि आपला सिद्धांत काय सांगतो? द्रव्य नव्याने उत्पन्न होत नाही, नष्टही होत नाही. म्हणजे ज्याला आपण मित्र समजून मिठी मारली, तो आपल्या मूळ तत्त्वाच्याच विरुद्ध होता! दुसरी गोष्ट, 1965 साली पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. उणे 270 अंश सेल्सिअस इतके थंड झालेले ते प्रारण म्हणजे विश्वाच्या एके काळच्या अतितप्त अवस्थेची खूण. अँटेनाच्या जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण नसताना जी मुंग्यांसारखी खरखर दिसे, तिच्यातला अल्पसा अंश त्या प्रारणाचा होता. त्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी 1993 साली सुधारित सिद्धांत मांडला, त्यात विश्व आलटून पालटून प्रसरण आणि आकुंचन पावते. तोही बहुमताला पटलेला नाही. नारळीकर मात्र अखेरपर्यंत शांतपणे, पुराव्याच्या भाषेत आपला पक्ष मांडत राहिले. विरोधी मताचा मनुष्य कसा असावा, याचा तो वस्तुपाठ होता.

आणखी एक उदाहरण देतो. ग्वाल्हेरचे प्राध्यापक जी. आर. जैन यांनी 1942 साली तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायावर आधुनिक भौतिकशास्त्राच्या अंगाने इंग्रजी ग्रंथ लिहिला. विद्वत्ता मोठी, तळमळ त्याहून मोठी. त्यात त्यांनी धर्मद्रव्य, म्हणजे गतीला सहायक असणारे तत्त्व, ईथरशी जुळविले. परंतु विज्ञानाने ईथरची कल्पना सोडून दिली. आता धर्मद्रव्यही सोडावयाचे काय? मुळीच नाही, चूक धर्मद्रव्याची नव्हे, जुळवाजुळवीच्या घाईची होती. उसन्या प्रमाणपत्राची मुदत संपली की धारक अडचणीत येतो.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही खरी आहे आणि ती बोलल्याशिवाय मला बसता येणार नाही. आपल्या ग्रंथांत लोकाचे मोजमाप आहे. पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषासारखा लोक, उंची चौदा राजू, घनफळ तीनशे त्रेचाळीस घनराजू. यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्तीतील हे गणित सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रकाशित केले आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञांना त्यात मोठे बुद्धिवैभव दिसले. त्याच भूगोलात जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र आहेत. का दोन? कारण पृथ्वी सपाट आणि मध्ये मेरू मानल्यावर एका सूर्याला मेरूला पूर्ण वळसा घालण्यास दोन दिवस लागतात, मग रोज पहाट होण्यासाठी दुसरा सूर्य आवश्यक ठरतो. पाहा, हे अंधश्रद्धेचे लेखन नाही. हाताशी होते त्या ज्ञानावरून काढलेले तर्कशुद्ध अनुमान आहे. गृहीत बदलले की अनुमान बदलते. 23 ऑगस्ट 2023 रोजी आपल्याच देशाचे चांद्रयान चंद्रावर उतरले, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले आणि टाळ्याही वाजवल्या. मग पाठशाळेत चंद्र सूर्यापेक्षा उंचावर आहे असे शिकविताना, 'प्राचीन आचार्यांची अशी मांडणी होती' एवढे चार शब्द जोडण्यास कोणती हरकत आहे? जिनसेनांनी जो प्रश्न इतरांना विचारला, तो आपल्या नकाशाला विचारण्याची मनाई त्यांनी कोठेही केलेली नाही.

मग आपल्याजवळ उरते काय? पुष्कळ उरते. पावसाळ्यात सहस्रकुंडला गेलात म्हणजे पैनगंगेचा तो प्रपात पाहा. आपण ज्याला धबधबा म्हणतो त्यातील पाण्याचा एकही थेंब दुसऱ्या क्षणी तेथे नसतो. थेंब येतो, थेंब जातो, प्रपात राहतो. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तीन शब्द मी मुलांना फळ्यावर शिकविण्याऐवजी तेथे नेऊन शिकवीन. काळ हे स्वतंत्र द्रव्य मानावे की नाही, यावर दिगंबर आणि श्वेतांबर आचार्यांत मतभेद आहेत, ते असू द्यात; पण काळाची आपली कल्पना किती विशाल आहे! एक योजन लांब-रुंद-खोल खड्डा कोकराच्या केसांच्या सूक्ष्म तुकड्यांनी ठासून भरावा, शंभर वर्षांनी एक तुकडा काढावा, तो रिकामा होईपर्यंतचा काळ हे केवळ एक प्राथमिक माप. युरोपात 1650 साली आर्चबिशप अशर यांनी जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी 4004 साली ठरविला होता, हे आठवले म्हणजे आपल्या पूर्वजांच्या कल्पनेचा आवाका ध्यानात येतो. 1380 कोटी वर्षे हा आकडा ऐकून जैन मुलाने दचकण्याचे कारणच नाही.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. बाळा, तो येथे बसला असेल तर ऐक. तुझ्या शाळेचे पुस्तक असे म्हणत नाही की शून्यातून कोणीतरी जग घडविले. ते म्हणते की, आज दिसणारे विश्व एके काळी अतिशय दाट आणि तप्त अवस्थेत होते आणि तेथून ते विस्तारले. ही एक पर्याय झाली. त्या अवस्थेच्या आधी काय होते, याचे निश्चित उत्तर आज विज्ञानाकडे नाही आणि ते तसे प्रामाणिकपणे सांगते. पाठशाळा म्हणते, जे आहे ते कशाचे तरी रूपांतर आहे, सर्वस्वी अभावातून भाव होत नाही. ही दोन वाक्ये आज तरी एकमेकांवर आदळत नाहीत. उद्या एखादा नवा पुरावा येऊन ती आदळली, तर घाबरू नकोस आणि ओढूनताणून जुळवूही नकोस. जिनसेनांसारखा प्रश्न विचार. परीक्षेत एकच उत्तर लिही, जे तुला समजले ते. वही एकच ठेव.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षी पाठशाळेत आदिपुराणाचे चौथे पर्व अर्थासह वाचावे, एखाद्या रात्री मुलांना गावाबाहेर मोकळ्या रानात नेऊन दुर्बिणीतून चंद्र दाखवावा, आणि त्या रात्री आपल्याच परिसरातील एखाद्या गोंड वडीलधाऱ्यांना बोलावून लिंगोची कथा ऐकावी. खर्च फारसा येणार नाही. चहाची व्यवस्था सूर्यास्तापूर्वी करावी लागेल, एवढेच.

अध्यक्ष महोदयांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे.